ते माळवद मग कोणी बुजवलं?

जानेवारीत १८ ते २५ तारखेला ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. आमच्याकडे तो कसा होतो सांगते. एका चर्चमध्ये सगळ्या मंडळ्यांचे, म्हणजे वेगवेगळ्या चर्चांचे, पाळक (धर्मगुरू) एका रांगेत बसतात. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला नारळ. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय, म्हणजे "सर्वांनी एक व्हावे" ही येशूची प्रार्थना, त्यावर एकाचं भाषण. मग दुसऱ्याचंही त्याच अध्यायावर. मग चहा, समोसा, आणि ज्या ऑटोतून आलो त्याच ऑटोतून आपापल्या दारी. यात वाईट काही नाही. समोसा तर चांगलाच असतो. पण त्या आठवड्यामुळं दोन माणसं एक झालेली मी अजून पाहिलेली नाहीत.

मोठ्या लोकांनाही हे काम सोपं गेलेलं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. चाळीस वर्षं चर्चा, आणि मेथडिस्टांचा मोठा गट अगदी शेवटच्या घटकेला बाहेरच राहिला. माझे सासरे मेथडिस्ट. त्यांच्यासमोर हा विषय काढला की म्हणायचे, "पोरी, सोयरीक जमली तरी लग्नाच्या मांडवातून वऱ्हाड परत जातं. हे तर चर्च आहे."

माझी लातुरात पिठाची गिरणी आहे. गिरणीत बसल्यावर माणूस आपसूक सगळ्या मंडळ्यांचा होतो, कारण दळण सगळ्यांनाच लागतं. आमच्या मंडळीचे दोन तुकडे झाले तेव्हा दोन्हीकडच्या बायका माझ्याच पत्र्याखाली डबे घेऊन उभ्या असायच्या आणि एकमेकींकडं पाठ करून ज्वारी निवडायच्या. तुकडे पडायचं कारण विचाराल तर धर्मशास्त्राचं काहीच नव्हतं. पंच कमिटीची निवडणूक, आणि त्यानंतर बाजाच्या पेटीच्या कपाटाची किल्ली. किल्ली एका गटाकडं राहिली, पेटी दुसऱ्या गटानं नवी घेतली. बाहेर पडलेल्यांनी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना सुरू केली. कीबोर्ड, ड्रम, टाळ्या, मोठ्यानं प्रार्थना. आम्ही त्यांना 'हालेलूयावाले' म्हणायचो आणि ते आम्हाला 'थंड मंडळी'. पुढं जुन्या घराण्यांतले कोण मूळचे कुठल्या वस्तीतले हेही निघालं. ते मी इथं लिहीत नाही, पण मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला ते सांगायची गरजही नाही.

संकटात माणसं जवळ येतात म्हणतात. येतात, खरं आहे. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावलेली, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वर्षी पावसासाठी एकत्र प्रार्थना झाली. कॅथलिक आले, हालेलूयावाले आले, आम्ही होतो. बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचली. कर्मेल डोंगरावर तो गुडघ्यांत डोकं घालून बसलाय आणि गड्याला सात वेळा समुद्राकडं पाहायला पाठवतोय. सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसतो. आम्ही रडलो, एकमेकींच्या गळ्यात पडलो. सप्टेंबर सरता सरता असा पाऊस झाला की मांजरा भरलं. आणि भरल्याबरोबर आम्ही आपापल्या हॉलात परत. उपकारस्तुतीसुद्धा वेगवेगळी केली! दुष्काळानं केलेली एकी पावसात विरघळली, एवढंच म्हणते.

म्हणून मी संकटाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. आता जे सांगणार आहे ते संकटाचंच आहे, पण त्यात माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर आहे.

आमचे हे मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. श्रावणात एका पहाटे दात घासताना ब्रश हातातून पडला, तोंड एका बाजूला गेलं. उजवी बाजू पूर्ण लुळी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की गॅसची टाकी नेतानाही कोपरं खरचटतात. ॲम्ब्युलन्सचं स्ट्रेचर वळणावर वळेना. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीनं बांधून खाली नेलं. कोणी नेलं? थोरले दीर. खालचे टायरवाले मामू आणि त्यांचा पोरगा. आणि समोरच्या बिल्डिंगमधला तो हालेलूयावाल्यांचा ड्रम वाजवणारा पोरगा, ज्याच्या बापानं कपाटाच्या किल्लीवरून ह्यांच्याशी भर सभेत भांडण केलं होतं. चौघं छान एका लयीत उतरले असं काही झालं नाही. दीर वरून ओरडत होते, मामू खालून, पोरांना शिव्या बसत होत्या, एका वळणावर खुर्ची भिंतीवर आदळली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बरं झालं वेळेत आणलंत. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आधी स्कॅन करून. हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागला, तर कांदा हुंगवत बसू नका, सकाळ व्हायची वाट पाहू नका. त्याच मिनिटाला निघा.

पुढचे दिवस मी प्रार्थना करू शकले नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस जास्त प्रार्थना करतो. माझ्या तोंडून "हे प्रभू" एवढंच निघायचं, पुढं काही नाही. पवित्र शास्त्र उघडलं की ओळी नुसत्या दिसायच्या. हबक्कूक संदेष्टा म्हणतो, अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. मला वाटायचं, बाबा, तू करत असशील. माझ्याच्यानं होत नाही.

त्याच काळात मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय नव्यानं समोर आला. कफर्णहूमचं ते घर, दारात गर्दी, आणि चौघं जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. आत जाता येईना म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. शहरातल्या संडे स्कूलमध्ये मुलांना ही गोष्ट कळत नाही, कारण छप्पर म्हणजे त्यांना स्लॅब माहीत. माझं माहेर औसा तालुक्यातलं. मी माळवदाच्या घरात वाढले. खाली लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर पाला, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. बाहेरून पायऱ्या असायच्या. वर कुरडया वाळायच्या, उन्हाळ्यात आम्ही वरच झोपायचो. ते उकरायचं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. खालच्यांच्या डोक्यावर माती, डोळ्यांत धूळ, कुजका पाला, मुंग्या. येशू बोलत असताना त्याच्याही अंगावर पडली असणार. माझी आजी ही गोष्ट ऐकली की दर वेळी एकच प्रश्न विचारायची, "बरा झाला ते चांगलं झालं माय, पण ते माळवद मग कोणी बुजवलं?" पावसाआधी माळवदाला माती टाकून चोपणाऱ्या बाईचा प्रश्न आहे तो. पाळकसाहेबांना उत्तर देता यायचं नाही.

(माळवदावर जीव असूनही ३० सप्टेंबर १९९३ नंतर मी तसं घर पाहिलं की आधी सऱ्यांकडं बघते. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. पहाटे चारच्या सुमारास दगड आणि मातीची ती छपरं झोपलेल्या माणसांवर आली. देवानं असं का होऊ दिलं, याचं तयार उत्तर जो देतो त्याच्या प्रार्थनेला मी जात नाही.)

तर मार्क पुढं लिहितो, येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाचं तिथं नावही नाही. तो बोललेलाही नाही, कदाचित बोलता येत नसेल. विश्वास होता तो बाज धरणाऱ्यांचा. हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं, पण आमच्या ह्यांच्या उशाशी बसून वाचलं तेव्हा जीव हलका झाला. आज माझ्याकडं विश्वास नाही, तर नसू दे. दुसऱ्यांचा चालतो. आणि दुसऱ्यांचा चालणार असेल, तर त्या दुसऱ्यांशी मी किल्लीवरून अबोला धरून बसणं परवडणारं नाही. ऐक्य ही शाल-नारळाची गोष्ट नाही असं मला त्या दिवशी पटलं. एक कोपरा सुटला तर माणूस घसरतो, इतकी ती साधी गरज आहे.

घरी आल्यावर दोन्हीकडच्या बायका दर गुरुवारी प्रार्थनेला यायला लागल्या. मी बोलावलं नव्हतं. पहिल्याच गुरुवारी गोंधळ. आमच्या बायकांना पुस्तकातलं भजन हळू चालीत म्हणायचं, त्यांना टाळ्या वाजवून. त्या सगळ्या एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करतात, आमच्याकडं एकीनं करायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. खालून मामूंच्या बायकोनं विचारलं, "काय झालं वं, कोणी गेलं का?" मग ठरलं, आधी आपलं, मग त्यांचं. थोड्या दिवसांनी हे ठरलेलंही राहिलं नाही.

खरी अडचण वेगळीच आली. त्यांच्यातली एक ताई म्हणाली, गोळ्या बंद करा, प्रभूवर पूर्ण भरवसा ठेवा. मी सरळ सांगितलं, बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी बंद होणार नाही. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावा आणि प्रार्थना करा असं आहे. त्या काळी तेल औषधालाही वापरत, येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेलच ओतलं होतं. औषध आणि प्रार्थनेत भांडण माणसं लावतात. ताई रुसली, पुढच्या गुरुवारी आली नाही. आणि गंमत पाहा, आमच्या मंडळीच्या म्हाताऱ्या सेक्रेटरीणबाई, ज्या किल्लीच्या भांडणात सगळ्यात पुढं होत्या, त्या स्वतः तिच्या घरी गेल्या आणि तिला घेऊन आल्या. काय बोलल्या ते दोघींनीही सांगितलेलं नाही.

ह्यांना बोलता येत नव्हतं. "पाणी" म्हणायचं असलं की "दार" निघायचं, आणि मग चिडायचे. स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलं, गाणं म्हणून बघा. मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावला तरी गाण्याचे शब्द कधी कधी शाबूत राहतात. एका गुरुवारी भजन चालू असताना ह्यांच्या तोंडून लहानपणी पाठ केलेली अख्खी ओळ स्पष्ट निघाली. बायकांनी लगेच चमत्कार म्हणून ओरडायला सुरुवात केली. मॅडम म्हणतात तो मेंदूचा गुण. मला दोन्ही मान्य आहे. मेंदू तरी कोणी केला?

पण कोणाला वाटायला नको की आमचं सगळं ठीक झालं. उजवा हात अजून उचलत नाही. आडतीवरची नोकरी गेली, शेठनी दिवाळीला पाकीट पाठवलं, पुन्हा या म्हणाले नाहीत. दळणाच्या पैशात फिजिओथेरपी भागवायची म्हणजे कसरत आहे. रात्री कधी कधी हे डाव्या हातानं उजवा हात उचलून छातीवर ठेवतात आणि छताकडं बघत राहतात, तेव्हा मला अजूनही प्रार्थना सुचत नाही. मग मी फोनवर सेक्रेटरीणबाईंना नुसतं "आज तुम्ही करा" एवढं लिहून पाठवते. त्या विचारत नाहीत कशासाठी.

दोन मंडळ्या एक झाल्या का? नाही. नाताळाच्या कॅरोलला दोन टोळ्या निघाल्या, दोन्ही आमच्याकडं आल्या, दोन वेळा चहा करावा लागला. किल्ली अजून त्याच घरात आहे. ड्रमवाल्या पोराच्या बापानं येऊन ह्यांचा डावा हात हातात घेतला, पाच मिनिटं बसला, पंख्याचा आवाज येतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी कपॅसिटर बदलून गेला. माफी वगैरे कोणी मागितली नाही.

गुरुवारची प्रार्थना मात्र आता आमच्यापुरती राहिली नाही. वहीत नावं लिहितो, विषयासकट, कारण "सगळ्यांना आशीर्वाद दे" या प्रार्थनेवर माझा विश्वास नाही. भिजून कोंब फुटलेलं सोयाबीन, कोणाचं डायलिसिस, कोणाची सून माहेरी जाऊन बसलेली, मामूंच्या पोराचा पोलीस भरतीचा पेपर. या गुरुवारी जमायचं आहे ते औषधावरून रुसलेल्या त्या ताईकडं. तिच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, आणि ऑपरेशनआधी प्रार्थना ठेवा म्हणून तिनंच निरोप दिला. संध्याकाळी सहाला. येताना भजनाची पुस्तकं आणा, तिच्याकडं आपली नाहीत.