काका, कलरचं बिल दाखवा ना

भाड्याच्या घराच्या डिपॉझिटचे 30,000 दिले होते, घर सोडल्यावर परत आले 8,200. बाकीचे 21,800 कुठं गेले त्याचा हिशोब व्हॉट्सॲपवर चार ओळींत आला. कलर 14,000, नळ आणि बाथरूमच्या टाईल्स 5,000, साफसफाई 1,600, बाल्कनीची जाळी 1,200. ना बिल, ना फोटो, ना कोण्या पेंटरचा नंबर.

संभाजीनगरला गारखेड्यात आम्ही तीन वर्षं राहिलो, वर आम्ही आणि खाली घरमालक काका-काकू. माणसं चांगली, संक्रांतीला काकूंचं वाण यायचं, आमचं लेकरू अर्धा दिवस त्यांच्याच ओट्यावर खेळायचं, म्हणून तर तो मेसेज जास्त लागला. आपल्याकडं पैशाचा विषय काढला की लगेच "जाऊ द्या, संबंध खराब होतील" असं म्हणणारे दहा जण भेटतात आणि बहुतेक भाडेकरू तिथंच गप बसतात. मला ते अजिबात पटत नाही. भाडं 9,500 होतं, म्हणजे दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे गेले, आणि नवीन घराचं डिपॉझिट आम्ही सोनं ठेवून भरलं होतं.

आधी नळांचं सांगते कारण ते इथल्या प्रत्येक भाडेकरूला लागू होतं. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते नव्याने सांगायला नको, जायकवाडी धरण एवढं जवळ असून. त्यामुळं प्यायला नळाचं साठवायचं नाहीतर जार आणायचा, आणि वापरायला बोअरचं, आणि ते बोअर काकांचंच. या पाण्यात क्षार एवढे की नवी बादली आणली तर बघता बघता आतून पांढरा थर चढतो, शॉवरची भोकं बुजतात, मी टाचणी घेऊन एकेक भोक मोकळं करायचे की थोड्या दिवसांत परत तेच, नळाच्या तोंडाला खर बसून धार वाकडी व्हायची, लिंबू चोळलं, व्हिनेगर लावलं, ॲसिड मात्र जपून कारण टाईल्सची चकाकी जाते. एवढं करून पण नळ जुने दिसणारच. ते क्षार जमिनीतून आले, आमच्या घरातून नाही, आमच्या जागी दुसरं कोणी राहिलं असतं तरी नळ तसेच झाले असते. मग 5,000 आमच्या डोक्यावर काहून?

हेच कलरचं. भाड्याची सायकल घेतली तर टायर घासला म्हणून कोणी वेगळे पैसे घेत नाही, घासणं भाड्यात आलंच. आम्ही सामान टाकायच्या आधी नवऱ्याने मोबाईलवर पूर्ण घराचा व्हिडिओ काढला होता, त्यात हॉलच्या भिंतीला खालून ओल चढून पोपडे आलेले स्पष्ट दिसतात. म्हणजे कलर आम्ही आलो तेव्हाच नवा नव्हता, आणि त्यावर आमची तीन वर्षं. पूर्ण घराच्या नव्या कलरचे पैसे मागायचे म्हणजे काकांचं घर आमच्या पैशात नवं करून घेणं झालं.

आणि कलर झालाच नव्हता! शेजारच्या ताईंनी सांगितलं की नवे भाडेकरू आठवड्यात राहायला पण आले, आणि हॉलमध्ये आमच्या कॅलेंडरचा खिळा आहे तिथंच त्यांनी घड्याळ लावलंय.

मग मी कायदा वाचायला बसले. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट, म्हणजे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, 1882 चा, त्याचं कलम 108. त्यात भाडेकरूने जागा घेतली तशीच परत द्यायची असं आहे, पण वाजवी झीज आणि आपल्या हातात नसलेल्या गोष्टी सोडून. ते कलम भाडेपट्ट्याचं आहे आणि आपले करार असतात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागेत नुसती राहायची परवानगी, त्यामुळं ते जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणणार नाही, पण आमच्या करारात पण "नॉर्मल वेअर अँड टेअर सोडून" असं छापलेलं होतंच. तुमचा करार काढून बघा, बहुतेक असतंच, सही करताना कोणी वाचत नाही एवढंच.

दुसरी कामाची गोष्ट, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. आपल्याकडं बॉण्डवर नोटरी करून 11 महिने, 11 महिने असं चालू असतं, आमचं पण तेच होतं. रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते धरलं जातं, उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत. म्हणजे नोटरीवाल्या भाडेकरूची बाजू कच्ची आहे असं जे सगळे घाबरवतात ते खरं नाही.

पत्र मराठीतच लिहिलं, "आदरणीय काका" असं. जाळी आमच्या लेकराच्या चेंडूने फाटली, ते 1,200 मान्य. मुलाच्या खोलीत एका भिंतीवर खडूच्या रेघोट्या आहेत, तेवढ्या एका भिंतीच्या कलरचे 2,000 धरा. बाकी प्रत्येक खर्चाचं बिल दाखवा, नसेल तर 18,600 पंधरा दिवसांत परत करा. सोबत व्हिडिओतले फोटो, चाव्या दिल्याच्या दिवशीचा मेसेज आणि शेवटचं लाईट बिल भरल्याची पावती. स्पीड पोस्टाने पाठवलं, तेच व्हॉट्सॲपवर पण टाकलं.

काकांचा फोन आला, चिडलेले. "पोस्टाने पत्र पाठवता, आम्ही काय परके आहोत का?" मी म्हटलं, "काका, परके नाही म्हणूनच वकिलाची नोटीस न देता पत्र दिलं. कलरचं बिल तेवढं दाखवा ना, पटलं तर लगेच सोडून देते." मग ते बरंच बोलले, आधीचा एक भाडेकरू लाईट बिल थकवून गेला, मोटर जळाली ते पण त्यांनाच भरावं लागलं. त्यांचा त्रास खरा आहे, मला मान्य आहे, पण त्याची वसुली आमच्याकडून कशी? हे पण बोलले मी, आवाज न चढवता. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "कलर केलाच नाही तर बिल कुठून आणता हो."

दोनदा करून का होईना, 18,600 आले.

नवीन घराच्या करारात आम्ही तीन ओळी जास्तीच्या टाकून घेतल्या. घर सोडल्यावर 15 दिवसांत डिपॉझिट परत, कापायचं असेल तर बिलासहित, आणि दोन वर्षांपेक्षा जास्त राहिलो तर कलरचे पैसे घ्यायचे नाहीत. घरमालकीणबाईंनी वाचून लगेच सही केली, फक्त बोअरच्या मोटरचं पण लिहा म्हणाल्या, ते पण लिहिलं. आणि करार या वेळेस रजिस्टर केलाय.