उन्हाची बाजू

एसटीत चढताना मी रिकामी सीट बघत नाही, ऊन बघते. दुपारी तीनच्या सुमाराला सांगलीहून तासगावला निघालं की ऊन डावीकडून येणार, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूला बसायचं. तिकडं जागा नसेल तर डावीकडचं बाक मोकळं असूनही मी दांडी धरून उभी राहते. आमच्या ह्यांना हे वेड वाटतं. ते खुशाल उन्हात बसून घोरतात.

परवा अगदी पुढं जागा मिळाली. समोर ड्रायव्हरचा उजवा कोपर खिडकीत टेकलेला. मनगटापासून वर काळाकुळकुळीत, रेघारेघांचा. गिअरवरचा डावा हात मात्र बँकेत नोकरीला असावा इतका उजळ. आणि मला तो अमेरिकेतला माल पोचवणारा ट्रकवाला आठवला. त्याचा फोटो 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला होता. वय 69, त्यातली 28 वर्षं ट्रक चालवण्यात गेलेली. तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो, म्हणून डावा गाल जाड सुरकुत्यांनी लोंबलेला आणि उजवा त्याच्या धाकट्या भावाचा वाटावा असा. भाजणारे किरण काच बऱ्यापैकी अडवते; पण कातडीत खोल शिरून तिचा ताण धरणारं कोलाजेन खिळखिळं करणारे किरण काचेतून खुशाल आत येतात. चटका बसत नाही, म्हणून पत्ताही लागत नाही.

हे सगळं आमच्या आजीला कुणी न सांगता ठाऊक होतं, असं मला वाटतं. वारीला निघायच्या आधी ती टोचून घ्यायला दवाखान्यात गेली, मी तिच्या पदराला धरून. नर्सबाईंनी चोळीची घट्ट बाही वर सरकवली. ती काही सरकेना. दंडात रुतून बसली होती. शेवटी वरच्या अंगानं थोडी सैल केली, आणि मी बघतच राहिले. बाहीच्या काठाशी आखल्यासारखी रेघ. रेघेखाली आजीचा रोजचा हात, हळदीच्या आणि उसाच्या रानात राबलेला, डागांचा. रेघेवर गोरा, गुळगुळीत, एकही सुरकुती नसलेला दंड. मी बोट लावून बघितलं. मऊ. “आज्जी, हा हात कुणाचा गं?” म्हटल्यावर ती हसली. “माझाच की. त्या कातड्याला ऊन कुठं ठावं हाय?”

तिला वयाचं काही पडलं नव्हतं. दिवाळीला उटणं, एरवी फार तर डाळीचं पीठ आणि साय. हळदीचं गाव असून ती चेहऱ्याला हळद लावायची नाही; म्हणायची, ती विकायला असती.

लेकीच्या आरशापुढं आता बाटल्यांची रांग असते. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, रात्री, थोडंच, आधी साल निघते म्हणे. हे घराणं मुळात मुरमांच्या औषधाचं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्याकडं मुरमांसाठी येणाऱ्या, वयानं जरा मोठ्या बायका सांगायला लागल्या की कातडी नितळ झाली. 1986 साली त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि तिथून हे प्रकरण आरशापर्यंत आलं. शेजारी व्हिटॅमिन सीचं सीरम, गडद तपकिरी बाटलीत, कारण प्रकाश लागला की ते खराब होतं. म्हणजे उन्हानं बिघडलेलं निस्तरणारं औषधच उन्हाला भिऊन बसलेलं! कोलाजेनचं क्रीमही होतं, ते मात्र मी तिला आणू नको म्हटलं. तो रेणू एवढा मोठा की कातडीतून आत जातच नाही; वर बसून ओलावा धरतो, एवढंच. तिनं ऐकलं नाही. डबी सुंदर आहे.

सगळ्यात खपते ती सनस्क्रीनची नळी. एसपीएफ म्हणजे भाजणाऱ्या किरणांपासून बचावाचा आकडा; 30 वालं साधारण 97 टक्के भाजणारे किरण अडवतं, 50 वालं 98. एका टक्क्यासाठी लेक जास्त पैसे मोजते. शिवाय दोन बोटांवर लांब रेघ काढून चेहऱ्या-मानेला पुरं लावायचं आणि बाहेर असलं तर दोन तासांनी पुन्हा. आपण चिमूटभर लावून बसतो.

तासगावच्या बाजूला बेदाणा सावलीत, जाळीखाली वाळवतात. उन्हात टाकला तर काळपट पडतो. सावलीत रंग टिकतो, सुरकुत्या पडायच्या त्या पडतातच. लेकीला हे सांगितलं, तिला आवडलं नाही.

आणि द्राक्षबागेतल्या बायका बघा. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बटणं गळ्यापर्यंत, डोक्याला टॉवेल असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसावेत. त्वचेचे डॉक्टर आधी हेच सांगतात: अंग झाका, मग क्रीम. या बायकांना कुणी सांगितलेलं नाही. त्या सकाळी बागेत शिरतात आणि सावली त्यांच्या वाट्याला जेवणापुरती येते. सीट बदलायची सोय नाही.

लेकीची नळी सहाशे रुपयांची. तेवढ्यासाठी यांच्यातल्या एखादीला एका दिवसाची हजेरी पुरत नाही. हे तिला बोलून दाखवायचा विचार होता. मग मीच त्यातली दोन बोटं घेतली, लावली आणि भाजी आणायला गेले.