शेनिन ७, सॉव्हिन्यों ३: पांढऱ्या ब्लेंडची खबरबात

मंडळी, वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइनचं मिश्रण, म्हणजे ब्लेंड, कसं करायचं हा फ्रान्सच्या बोर्डोचा धडा अखेर घरच्या बाटल्यांवर गिरवायला घेतलाय. तिकडच्या पांढऱ्या ब्लेंडमध्ये तीन द्राक्षजाती: सॉव्हिन्यों ब्लाँ आंबटपणा आणि हिरवट वास आणते, सेमिओं अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा, भरते, मस्कडेल असलीच तर चवीपुरती. सेमिओं मला इथे मिळत नाही, म्हणून तिच्या जागी नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घेतली. एकाच जातीची वाईन म्हणजे शुद्ध, असं मानणाऱ्यांसाठी जाता जाता: युरोपच्या नियमाप्रमाणे लेबलवर एकच जात असली तरी १५ टक्क्यांपर्यंत दुसरी द्राक्षं चालतात.

माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण. निम्मं-निम्मं केलं तर सॉव्हिन्यों सगळं ताब्यात घेते, नाकाला फक्त ढोबळी मिरची आणि कापलेलं गवत. ७ झाकणं शेनिन आणि ३ सॉव्हिन्यों केल्यावर मात्र पिकू लागलेल्या पेरूचा वास वर येतो, गोडवा मागे सरकतो आणि घोट संपल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं. उरलेलं ब्लेंड छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये. वर हवा राहिली की वास उतरतो.

आता ताटाकडे. या ७:३ ला सगळ्यात सख्खी निघाली कोथिंबीर वडी. हिरवा वास हिरव्याला भेटतो आणि तळणीचं तेल आंबटपणा धुऊन नेतो. रव्यातल्या सुरमईवरही हेच, फक्त लिंबू पिळू नका. ते काम वाईन करते. तिखट कोळंबीला शेनिन वाढवावी. अल्कोहोल तिखटाला चढवतं, थोडी साखर त्याला आवरते.

अळूवडीने मात्र बराच वेळ खाल्ला. चिंच-गुळाचं सारण आलं की ७:३ एकदम पातळ आणि करकरीत लागते, कारण खाण्यात गोडवा वाइनपेक्षा जास्त. ९:१ केल्यावर जमलं, त्यातही वडी खरपूस तळलेली हवी. नुसती उकडलेली चालत नाही. सोलकढीचा नाद सोडा. कोकमापुढे कुठलीही पांढरी वाईन पाणचट वाटते.

फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या मार्सान आणि रूसान या द्राक्षांचं ब्लेंडही पाहुण्यांच्या निमित्ताने उघडलं. तिथल्याच महागड्या हर्मिटाजच्या पांढऱ्या वाइनमध्ये याच दोन जाती असतात. माझी बाटली अर्थात हर्मिटाजची नव्हती, तेवढा खिसा नाही. आंबटपणा कमी, अंग जड, वासात बदाम आणि मध. फार गार केली तर वास दबून मुकी होते, त्यामुळे फ्रिजमधून वीसेक मिनिटं आधी काढली. नारळाच्या दुधातल्या सौम्य कोंबडीशी झकास जुळली, भज्यांसोबत अगदीच सुस्त. आयात शुल्क भरून आलेली बाटली भज्यांवर घालवायला माझं मन तरी धजत नाही.

पुढचा नंबर बोंबील फ्रायचा. मऊ मासा, कुरकुरीत कवच, आंबटपणा जरा जास्त हवा, म्हणून ६:४ पासून सुरुवात करेन. आमच्याकडे मार्गशीर्ष पाळतात, त्यामुळे बोंबील पौषात. तोवर कुणी ताज्या बोंबलावर ब्लेंड लावून पाहिलं असेल तर प्रमाण कळवा.