यवतमाळ ते भामरागड: मोठी ॲडव्हेंचर बाईक सोडून साधी गाडी का नेली

समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. हजार-बाराशे सीसीची गाडी विदर्भात मोकळी सोडावी असा तो रस्ता, आणि नेमका तोच बंद. बाकीच्या चौपदरी महामार्गांवर दुचाकीची कायदेशीर मर्यादा ताशी 80. एवढा वेग 200 सीसीची गाडीही न कण्हता धरते. त्यामुळे यवतमाळहून भामरागडला कोणती गाडी न्यायची हा प्रश्न ताकदीवर नाही, वजनावर सुटला.

गाडी होती हिरोची एक्सपल्स 200 4व्ही. भरल्या टाकीसह 160 किलोच्या आत, पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची स्पोकचे चाक, ट्यूबचे टायर, जमिनीपासून 220 मिलीमीटर मोकळी उंची, 13 लिटरची टाकी, 19 पीएस ताकद. तुलनेला रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 घ्या: 196 किलो, 40 पीएस. बीएमडब्ल्यू आर 1300 जीएस घेतली तर 237 किलो आणि 145 पीएस. कागदावर मोठ्या गाड्या सरसच दिसतात. पण या मार्गावर 145 पीएस वापरायचे कुठे, आणि 237 किलो उचलायचे कोणी?

मार्ग असा: यवतमाळ, पांढरकवडा, करंजी, मारेगाव, वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, भामरागड. नुसत्या डांबरी रस्त्याने गेले तर स्कूटरही पोचेल. आम्ही जिथे जिथे पांदण रस्ता, म्हणजे शेतांमधला कच्चा रस्ता, मिळाला तिथे डांबर सोडले. दिवस पोळ्यानंतरचे, म्हणजे जमीन पोटभर पाणी प्यालेली.

पांढरकवड्याच्या अलीकडची काळी माती हीच या प्रवासाची खरी परीक्षा. तिच्यातला माँटमोरिलोनाइट हा घटक पाण्याने फुगतो आणि सुकला की आकसतो. उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात त्या त्यामुळेच, आणि पावसात चाकाला थरावर थर चिकटतात तेही त्यामुळेच. टायरच्या नक्षीतल्या फटी पन्नास मीटरच्या आत भरतात. मग टायर कितीही महागडा असो, तो गुळगुळीतच. पण गाडी अडते ती पकड गेल्याने नाही. चिखल टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत ठासून बसतो आणि पुढचे चाक फिरायचेच थांबते. हायवेच्या हिशेबाने केलेल्या गाड्यांचे मडगार्ड टायरला बोटभर अंतरावर चिकटलेले असते, तिथे हे हमखास होते. मडगार्ड उंच असले की चिखल आपल्या वजनाने गळून पडतो. नवी गाडी बघताना शोरूममध्ये टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घालून पाहा. मूठ जात नसेल तर पावसाळ्यात ती गाडी काळ्या मातीत घालू नये.

फसल्यावर काय करायचे? पहिले म्हणजे थ्रॉटल सोडायचा. मागचे चाक जागेवर फिरवले की ते स्वतःसाठी खड्डा खणते आणि क्लच तापतो. लहान गाडीचा क्लच तेलात बुडालेला असतो, पण अर्धवट दाबून पाच मिनिटे जोर लावला तर प्लेटा जळतात. जळका वास आला की इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबायचे, मग लिव्हरचा ढिलेपणा तपासायचा. तापल्यावर तो बदलतो. लिव्हरच्या टोकाला सेंटीमीटरभर मोकळी हालचाल राहिली पाहिजे. नसेल तर लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने दोन-तीन फेरे देऊन मिळवावी, नाहीतर क्लच पूर्ण जोडलाच जात नाही आणि सपाट रस्त्यावरही घसरत राहतो. दुसरे, चाकातला चिखल काढायला खुरपे. हो, निंदणाचे साधे खुरपे. टायर उचकटायच्या पट्टीने, म्हणजे टायर लिव्हरने, जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात खुरप्याने काम होते, आणि ते कुठल्याही आठवडी बाजारात मिळते.

पांदणीत बैलगाडीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये गवताचा उंचवटा. चाकोरीत पाणी साचलेले असते, उंचवट्याला गवताच्या मुळांनी धरून ठेवलेले असते. हलकी गाडी त्या उंचवट्यावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाय खाली सोडून चालवता येते. जड गाडी एकदा चाकोरीत घसरली की पुन्हा वर चढत नाही. शिवाय बाजूला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळी आणि तुरी, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या पेट्या लावलेली गाडी दोन्हीकडून घासत जाते. सामानाला कापडी झोळ्या बऱ्या. सगळे मिळून दहा-बारा किलोच्या आत, आणि जड वस्तू सीटजवळ, मागच्या दिव्याजवळ नाही. चिखलात गाडी आडवी झाली तर पाय कापडी झोळीखालून निघतो, पेटीखालून निघेलच असे नाही.

शेतातला माणूस हात हलवून सांगतो, "भाऊ, तिकून नोका जाऊ, गाडी फसन." ऐकावे. तो त्या धुऱ्यावरून रोज बैल नेतो. आणि गाडी फसलीच तर 160 किलोला दोन माणसे पुरतात, एक मागचा कॅरिअर धरतो, एक हँडल. 237 किलोला चार लागतात आणि कापूस निंदणाच्या दिवसांत शिवारात रिकामी चार माणसे मिळत नाहीत.

टायरमधली हवा डांबरावर कंपनीने सांगितली तेवढी, चिखलात आणि वाळूत 18 ते 20 पीएसआय. त्याखाली ट्यूबच्या टायरला जाऊ नये. हवा कमी झाली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरपा दिसू लागला की समजावे टायर सरकतोय. याचसाठी व्हॉल्व्हवरचा छोटा नट रिमला घट्ट आवळायचा नाही, वर टोपणाकडे ढिला ठेवायचा. मग व्हॉल्व्ह कलतो आणि वेळेवर दिसतो, घट्ट असला की सरळ तुटतो. हवा भरायचा हातपंप सोबत हवाच, कारण हवा कमी करणे सोपे असते, पुढचे दुकान कुठे ते माहीत नसते.

बाभळीचा काटा इथे खिळ्यापेक्षा जास्त पंक्चर करतो. मोठ्या गाडीच्या ट्यूबलेस टायरची बाजू इथे मान्य केली पाहिजे: काटा रुतून बसला तर हवा तासन् तास टिकते, आणि काढला तरी भोकात रबरी स्ट्रिप घालून पाच मिनिटांत निघता येते. ट्यूबचा टायर असला की चाक काढावे लागते. पण ट्यूबलेस रिमला दगडाने पोचा पडला की टायर हवा धरत नाही आणि स्ट्रिपचा उपयोग शून्य. स्पोकचे चाक वाकूनही चालते, आणि ट्यूबला गरम पॅच मारणारा माणूस तालुक्यापासून तिठ्यावरच्या टपरीपर्यंत सगळीकडे आहे. जागा कमी असेल तर जास्तीची ट्यूब 21 इंचीच घ्या. अडचणीत ती मागच्या 18 इंची चाकात घडी न पडू देता बसवता येते, उलटे जमत नाही. काट्याचे टोक टायरच्या आत मोडून राहते आणि नवी ट्यूबही अर्ध्या तासात पंक्चर होते, म्हणून टायर आतून बोटाने नाही, कापसाने पुसायचा. बोंडातला सुका कापूसही चालतो. टोक असेल तिथे त्याचे तंतू अडकतात आणि जागा लगेच सापडते. विदर्भात कापूस शोधायला लागत नाही.

मारेगाव, वणी, घुग्घुस हा पट्टा कोळशाचा. चिखलातून बाहेर यावे तर ट्रकांमागे काळी धूळ. एअर फिल्टर तेल लावलेल्या कागदाचा असेल तर तो कॉम्प्रेसरने फुंकून साफ होत नाही. फुंकले की तेलाचा थर जातो आणि बारीक धूळ सरळ इंजिनात. तो बदलायचाच असतो, म्हणून एक जादा फिल्टर सीटखाली ठेवला होता. चेनवर डिझेल किंवा रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश, पेट्रोल नाही. पेट्रोलने कड्यांमधले रबरी ओ-रिंग खराब होतात. पुसून झाल्यावर 90 नंबरचे गिअर ऑइल. चिखलाच्या दिवसांत चेन पुस्तकात दिलेल्या मर्यादेतल्या ढिल्या बाजूला ठेवावी. स्प्रॉकेटच्या दातांत माती दाबली गेली की चेन आपोआप ताणते.

चंद्रपूरच्या पुढे डांबरी रस्ता लागला की लहान गाडीची उणीव जाणवते. ट्रक ओलांडायला मोकळी जागा दुप्पट लांब लागते, 80 च्या पुढे हँडलला थरथर येते, समोरून वारा असेल तर पाचवा गिअर नावापुरता. मागे माणूस आणि सामान घेऊन नागपूरहून हैदराबाद गाठायचे असेल तर मोठी गाडीच घ्यावी, वाद नाही. हिमालयन 450 मधली वाट काढते खरी, पण रेडिएटर आला. काळा चिखल त्याच्या जाळीत वाळला की उन्हाळ्यात पंखा सतत फिरतो, आणि मे महिन्यातले चंद्रपूर सांगायला नको. हवा आणि तेलावर थंड होणाऱ्या इंजिनाला फुटायला पाण्याची नळीच नसते.

तालुक्याच्या गावात काय दुरुस्त होते, हा माझ्या मते निवडीचा सगळ्यात मोठा निकष. क्लच केबल, लिव्हर, स्पार्क प्लग, फ्यूज हे कम्युटर गाड्यांच्या दुकानात मिळते किंवा जुगाडाने बसते. इंजिनात एक-सव्वा लिटर तेल, 10डब्ल्यू-30 नाही मिळाले तर 20डब्ल्यू-40 घालून घरी येता येते. कॅरिअर किंवा साइड स्टँड तुटला तर ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा वेल्डर लोखंडाला टाका मारतो. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर काढायचा, नाहीतर टाका बसेल आणि गाडी चालू होणार नाही. मागचे चाक धरणारा ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म मात्र त्याच्याकडे जोडला जात नाही, त्याला टिग वेल्डिंग लागते आणि ते शहरात.

गोंडपिपरीच्या पुढे वैनगंगा ओलांडली की आष्टी, आणि जमीन बदलते. काळी संपून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, लालसर माती, वाळूचे नाले. आलापल्लीपर्यंत सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक असतात, त्यांच्या मागे घाई करू नये. पेट्रोलची टाकी आलापल्लीलाच काठोकाठ भरावी. लिटरला 35 ते 40 किलोमीटर धरले तर 13 लिटरमध्ये भामरागडला जाऊन परत यायला भरपूर होते. पुढे बाटलीतले पेट्रोल घ्यायची वेळ आलीच तर बाटली पाच मिनिटे स्थिर ठेवून तळाशी पाण्याचा थर दिसतो का पाहावे, मगच ओतावे.

आलापल्ली ते भामरागड हा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. वाटेत वनवैभव लागते, 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेले. पेरमिली, ताडगाव करत हेमलकसा. उजेडातच प्रवास करावा, आणि आडवाटेला वळायचे असेल तर आधी गावात विचारावे. इथे रपट्यांवरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या सिमेंटच्या फरश्यांवरून, पाणी वाहते. पायी चालून पाहिल्याशिवाय गाडी घालू नये: चाकाच्या ॲक्सलच्या खाली पाणी आणि तळाला सिमेंट असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये एका लयीत. रपट्याच्या उतारावर शेवाळ असते, ब्रेक नको.

गाडी पाण्यात आडवी झाली तर स्टार्टर दाबायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढायचा, सर्वांत वरचा गिअर टाकायचा आणि मागचे चाक हाताने फिरवायचे, प्लगच्या भोकातून पाणी पिचकारीसारखे उडते. पुढचे चाक वर उचलून सायलेन्सरमधले पाणी मागे काढायचे, एअर बॉक्स पुसायचा. तेल चहाच्या रंगाचे दिसले तर पाणी मिसळले आहे, ते टाकून नवे भरायचे. हलकी गाडी पुढून उचलता येते, म्हणून हे सगळे दोघांत जमते.

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पुरात पर्लकोटेवरचा पूल पाण्याखाली गेला की गावाचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात बातम्यांत असते. पाणी ओसरलेल्या नाल्यांवर या भागातले लोक डोंग्यातून दुचाकी पार करतात. चाके डोंग्याच्या लांबीत उभी, दोन माणसे दोन्ही बाजूंनी धरून. 160 किलोला नावाडी हो म्हणतो. पूर चढत असेल तर तोही नाही म्हणतो आणि मग मुक्काम करायचा.

परत आल्यावर वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप चाकाच्या मधोमध धरू देऊ नये. बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जाते आणि महिन्याभरात घरघर सुरू होते. चाक अधांतरी करून वरून-खालून हलवून पाहावे, खडखड जाणवली तर बेअरिंग बदलावे. स्पोक एकेक करून पान्याने वाजवून पाहावे, ढिला असेल त्याचा आवाज बसका येतो.