उन्हाळ्यात खानापूरचा बाजार: माठ, चपला आणि जुनं पितळ

सुट्टीत बेळगावला पाहुणे आले की त्यांचं ठरलेलं असतंय, किल्ला बघायचा, गणपत गल्लीत फिरायचं, कुंदा (इथली मिठाई) बांधून घ्यायचा आणि परत. पण ऊन तापायला लागलं की एक सकाळ खानापूरच्या आठवडी बाजारासाठी काढाच असं माझं म्हणणं आहे, कारण हाताने वस्तू करणारी माणसं ह्याच दिवसांत जास्त येऊन बसतात. कुंभारांना माठाचं गिऱ्हाईक असतंय, आणि शेतकऱ्यांना मृगाच्या आधी खुरपी, दावी, बुट्ट्या, घोंगडी सगळं घ्यायचं असतंय, त्यामुळे लोहार, बुरूड सगळेच भेटतात.

यंदा मी आणि मामी गेलो होतो. बेळगावहून खानापूर साधारण २६ किलोमीटर, गोव्याच्या हायवेवरच. बस मिळतात, लोंढ्याकडं जाणाऱ्या रेल्वे पण आहेत. बसची पाटी कन्नडमध्ये असते, वाचता येत नसेल तर कंडक्टरला विचारा, मराठीत सांगतात. बायकांना साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत (२०२३ पासूनची शक्ती योजना), खरं ते कर्नाटकात राहणाऱ्यांनाच, तेव्हा इथल्या पत्त्याचं आधार कार्ड जवळ ठेवा, महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी तिकीट काढायचं. बाजाराचा वार आधी इथल्या कुणाला तरी विचारून घ्या, यात्रा किंवा सण असला की पुढंमागं होतंय.

आठच्या आत पोचा. अकरानंतर पाय भाजतात, आणि विकणारे पण दमलेले असतात, मग बोलायला कुणाला वेळ नसतो. आणि ह्या बाजाराची खरी मजा बोलण्यातच आहे.

सगळ्यात आधी माठ. खानापूरची माती कौलं, विटा आणि भांडी ह्यासाठी पूर्वीपासून नावाजलेली, खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा ह्याच गावात आहे. एका आजींकडं लाल-काळे सगळे माठ मांडलेले होते आणि मी नक्षीचा रंगवलेला उचलला तर त्या म्हणाल्या, "रंग काय बघतीस गं बाय, वाजवून बघ की." बोटाच्या पेराने टकटक करायचं, खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली, बद्द आला तर कुठंतरी तडा आहे किंवा कच्चा राहिलाय. मग बूड उन्हाकडं करून तोंडातून आत बघायचं, बारीक चीर असली तर उजेड दिसतो. ऑइलपेंट मारलेला तर घेऊच नका, माठातलं पाणी गार होतंय ते भोकाभोकांतून पाझरून बाहेर वाऱ्यावर वाळतंय म्हणून, रंगाने ती भोकं बुजली की तो माठ नुसता शोभेचा. तोटीचा माठ महाग पडतो आणि तोटीच्या भोकापासून चीर जायची भीती असते, मामींचं म्हणणं साधा घ्या आणि ओगराळ्यानं पाणी काढा, मला ते पटलं.

घरी आणल्यावर दिवसरात्र पाण्यात बुडवून ठेवायचा, पहिलं एक-दोन वेळचं पाणी झाडांना घालायचं. साबण लावायचा नाही, काथ्याने नुसतं घासायचं. आणि कोपऱ्यात कोंडून न ठेवता जिथं वारा लागतो तिथं तिवईवर ठेवायचा. कोकणात किंवा गोव्यात न्यायचा असेल तर एवढी अपेक्षा ठेवू नका, दमट हवेत पाणी लवकर वाळत नाही तर गार कसं होणार.

बाजाराच्या कडेला गोणपाट टाकून जुन्या वस्तूवाले बसतात, मला तिथून हलवत नाही. पितळी डबे, घंगाळ, तांबे, कंदील, खलबत्ते, बिनकिल्लीची कुलपं. पितळ वजनावर देतात, म्हणून आधी तराजू बघा मग भांडं बघा. बुडाला दिलेला डाग (झाळून बुजवलेलं भोक) गळतो का ते बघायचं असेल तर पाणी भरून थोडा वेळ ठेवायला सांगा, चांगला माणूस नाही म्हणत नाही. आंबट शिजवायला किंवा ठेवायला वापरणार असाल तर कल्हई करून घ्यावी लागेल, तो खर्च आधीच मनात धरा.

चपलांबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. कोल्हापुरी म्हटलं की लोक फक्त कोल्हापूर म्हणतात, खरं २०१९ मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना, त्यात बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर आहेत. आमच्या अथणी आणि निपाणीकडं घरंच्या घरं हेच काम करतात आणि शिवण-वेणीचं काम बहुतेक बायकाच करतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीनं असल्याच चपला दाखवल्या तेव्हा सगळीकडं चर्चा झाली, पण त्या करणाऱ्या हातांबद्दल कमीच बोललं गेलं, मला ते अजून लागतंय. घेताना तळ उलटा करून बघा, खिळा दिसता कामा नये, शिवण चामड्याच्या वादीचीच पाहिजे. पाय बसेल अशीच घट्ट घ्या, चामडं नंतर सैल होतंय. पहिल्या दिवसांत अंगठा चावला तर त्या जागी थोडं तेल लावा. आणि वळवाचा पाऊस दिसला की पिशवीत घाला, भिजली तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा.

भाव करा, बाजारच आहे तो. पण बुरडानं विणलेल्या सुपासाठी दहा-वीस रुपयांवरून अर्धा तास ओढाताण करणं मला बघवत नाही. दोन-तीन वस्तू एकाच माणसाकडून घेतल्या तर तो आपणहून कमी करतो. फोनपे बऱ्याच जणांकडं आहे, तरी रेंज जाते, सुट्टे पैसे न्याच.

जांबोटी-कणकुंबीकडच्या रानातली करवंदं, जांभळं, फणस पण मे महिन्यात दिसतील, करवंदं खाली डब्यात ठेवा नाहीतर घोंगडीला डाग पडतात. माठासाठी घरूनच एक गोणपाट आणि जुनी चादर न्या, दोन माठांच्या मधे पेंढा घाला (कुंभाराकडंच मिळतो), आणि बसमध्ये मागच्या सीटवर बसू नका, हायवे सोडला की तिथले धक्के माठाला सोसत नाहीत.