पापणीच्या एका मिलिमीटरसाठी

नेत्रविकारशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर ऑक्युलोप्लास्टीच्या (पापण्या आणि डोळ्याची खोबण यांच्या शस्त्रक्रियांच्या) फेलोशिपसाठी आणखी एक-दोन वर्षे कशाला द्यायची, असे मला अनेकदा विचारले जाते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने हाताला वळण लागते हे खरे, पण पापणी आणि डोळ्याची खोबण यांचे शास्त्र वेगळे आहे.

पडलेली पापणी उचलण्यापूर्वी लिव्हेटर, म्हणजे पापणी वर उचलणाऱ्या स्नायूची ताकद मोजतात: भुवई अंगठ्याने दाबून धरायची, रुग्णाला आधी खाली व मग वर पाहायला सांगायचे आणि पापणीची कड किती सरकली ते पट्टीवर वाचायचे. ती जेमतेम 4 मिलिमीटर सरकत असेल, तर पापणी बहुधा कपाळाच्या स्नायूला टांगावी लागते. प्रौढ रुग्णाला भूल बहुतेकदा जागेपुरतीच दिलेली असल्याने, तात्पुरता टाका घालून त्याला टेबलावर बसवतात आणि दोन्ही पापण्यांची उंची ताडून पाहतात. फाजील उचललेली पापणी झोपेत मिटत नाही आणि कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कोरडा पडतो.

खोबणीचे आकारमान अवघे 30 मिलिलिटर, त्यामुळे आत रक्तस्राव झाल्यास दाब वाढतो आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातील पापणीचा बंध तातडीने कापून दृष्टी वाचवावी लागते. म्हणून फेलोशिप निवडताना, स्वतःच्या हाताने काय करायला मिळेल आणि शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण पुन्हा तपासायला मिळतील का, हे आधी विचारावे.