तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्त मदरबोर्डवरच्या महाग सोयी

नागपुरात बर्डीच्या बाजारात कॉम्प्युटरचं सामान घ्यायला निघालेली मुलं आधी मला फोन करतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो. "दादा, एकाच चिपसेटचे दोन बोर्ड आहेत. एक साधा. दुसऱ्यावर वाय-फाय, लायटिंग, मोठे हीटसिंक, पण दोन-तीन हजारांनी महाग. घेऊ का?" (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप; पुढे येणारी एच६१०, बी४५०, बी७६० ही अशा चिपसेटचीच नावं.)

जे नंतर आणून लावता येतं, त्याचे पैसे बोर्डासोबत देऊ नका. जे बोर्डावरच पक्कं बसवलेलं असतं, नंतर बदलता येत नाही, त्याचे द्या. आणि नागपुरात राहत असाल तर सगळ्यात आधी व्हीआरएमचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, बघा.

व्हीआरएम म्हणजे प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या डावीकडे आणि वर ओळीनं बसलेले काळे चौकोनी तुकडे आणि त्यांच्या शेजारच्या कॉइल. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा. व्होल्ट उतरवायचं हे काम ते तुकडे करतात आणि करताना तापतात. ६५ वॉटचा म्हणून विकला जाणारा इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर पूर्ण भरात ११७ वॉटपर्यंत जातो. एवढ्या कमी व्होल्टवर तेवढे वॉट म्हणजे शंभरच्या घरातले अँपिअर, आणि ते सगळे या चिमुकल्या तुकड्यांतून जातात.

मानेवाड्यातला एक मुलगा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडे हाच प्रोसेसर, एच६१० चा बोर्ड आणि व्हीआरएमवर हीटसिंक काहीच नाही. नवतप्यात, मे अखेरच्या त्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, त्याचा फोन आला, की रोज दुपारी दोननंतर एक्स्पोर्ट रांगायला लागतं, रात्री मात्र व्यवस्थित चालतं. तोवर दोनदा विंडोज टाकून झालं होतं, रॅम बदलून झाली होती. मी मुद्दाम दुपारीच गेलो. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर तापलेला स्लॅब, कूलर बाहेरच्या खोलीत. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान सत्तरच्या आत होतं, तरी दर दोन-तीन मिनिटांनी त्याचा वेग ८०० मेगाहर्ट्झवर पडायचा आणि पुन्हा वर यायचा. बाजूचं झाकण काढून इन्फ्रारेड थर्मामीटर सॉकेटच्या डावीकडे धरला, तर आकडा ११२ अंश. बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा गळा आवळत होता.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रोसेसरची वीज ६५ वॉटवर बांधली, ॲल्युमिनियमचे छोटे तुकडे थर्मल टेपनं चिकटवले, एक पंखा त्या बाजूला वळवला. काम भागलं. पण त्या पोरानं दोन उन्हाळे ग्राहकांची बोलणी खाल्ली, याचं मला आजही वाईट वाटतं.

हीटसिंक बघताना हात लावून बघा. धातूचा, जड, खाचा असलेला आणि मागून स्क्रूनं कसलेला हवा. काही बोर्डांवर पोर्टांच्या वर ऐटदार कवच असतं, ते नुसतं प्लास्टिक निघतं.

दुसरी सोय म्हणजे बायोस फ्लॅशबॅकचं बटण. हिची किंमत अडल्यावरच कळते. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीचा बी४५० चिपसेट २०१८ चा, त्यांची रायझन ५००० मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये. दुकानात पडून असलेला जुना बोर्ड आणि नवा प्रोसेसर एकत्र आले की पंखे फिरतात, स्क्रीन काळी, कारण जुना बायोस नवा प्रोसेसर ओळखत नाही. बटण असेल तर पेनड्राइव्हवर फाइल टाकायची, ठरलेल्या पोर्टात लावायचा, बटण दाबून धरायचं. प्रोसेसर नसला तरी बायोस बदलतो. बटण नसेल तर जुना प्रोसेसर कोणाकडे मिळतो का म्हणून दुकानं फिरा.

रॅमचे चार स्लॉट आणि एसएसडी लावायचा दुसरा एम.२ स्लॉट यांनाही जास्तीचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. एडिटिंगवाल्यांची जागा वर्षभरात संपते, आणि दोनच स्लॉट असले की रॅम वाढवताना जुन्या काड्या काढून विकाव्या लागतात.

बाकी सोडा. लायटिंग, स्लॉटवरची धातूची पट्टी (हलक्या ग्राफिक्स कार्डला ती लागतच नाही), अडीच गिगाबिटचं लॅन. घरी शंभर-तीनशे एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर एक गिगाबिटचं पोर्टही अर्धं रिकामंच राहतं. वाय-फाय कार्डानं किंवा डोंगलनं नंतर येतं. मिनी-आयटीएक्स (अगदी छोट्या आकाराचा) बोर्ड घेत असाल तर मात्र वाय-फाय असलेलाच घ्या, कारण त्यावर कार्डांसाठी एकच स्लॉट असतो आणि तो ग्राफिक्स कार्डाला जातो.

मानेवाड्याच्या त्या मुलानं यंदा होळीनंतर बोर्ड बदलला. प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम तीच ठेवली, बी७६० चा चार स्लॉटवाला बोर्ड घेतला, व्हीआरएमवर दोन्ही बाजूंना हीटसिंक. वाय-फाय त्यावर नव्हतं. डोंगल त्यानं शेजारच्याच दुकानातून उचललं. मेमध्ये मी पुन्हा दुपारीच गेलो, तोच थर्मामीटर घेऊन. एक्स्पोर्ट चालू होतं, आकडा ७८ होता.